यमुनाताई, त्यांची जाऊ आणि ‘पुढचं पान’

यमुनाताई दोनोडे यांची आणि माझी पहिली भेट गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या दुकानात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांना भजनमंडळाच्या बाई समजलो होतो. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ शूटिंग, पासपोर्ट फोटो असा माझा धंदा. गोंदियात गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंडातून आपोआप हिंदीच निघते. हातात कापडी पिशवी घेतलेल्या या बाई पायरी चढून आत आल्या तेव्हा मी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणालो, “आइए माताजी, क्या बनवाना है?” ताई बसल्या, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मले मराठी येते, बाबू. तुले येते का?”

दुकानात बसलेले लोक हसले. मीही हसलो, पण ओशाळून. मग ताईंनी पिशवीतून मोबाइल काढून स्वतःचं एक रेकॉर्डिंग मला ऐकवलं. त्यात त्या एका पुस्तकाबद्दल बोलत होत्या. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, कोंबडा होता, नळाला पाणी आल्याची कुणाची तरी हाक होती, आणि ताईंचा आवाज या सगळ्यातून वाट काढत चालला होता. एवढं स्वच्छ करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. याचं करायचं काय आहे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, पॉडकास्ट करायचा आहे, पुस्तकांवरचा. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईंच्या तोंडून हा शब्द इतका सहज आला की मला तो नीट माहीत नव्हता, हे मी त्यांना कळू दिलं नाही. त्या गेल्यावर मोबाइलवर शोधून पाहिलं.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ताईंच्या वाचनालयातल्या सेवेबद्दल आणि त्यांच्या व्यासंगाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. माझा त्या विषयांत अधिकार नाही. मी फक्त धानाच्या खोलीत काय घडलं ते सांगणार आहे. तिथे मी हजर होतो आणि गौरव समितीतलं कुणीही नव्हतं, एवढा हक्क मला पुरेसा आहे.

ताईंचं गाव आमगावपासून जवळच. दुसऱ्या वेळी मी माझा माइक आणि वायरींचं गाठोडं घेऊन मोटारसायकलवर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मला या साऱ्या खटाटोपाचं कारण सांगितलं. ते त्यांनी माइकवर कधी सांगितलं नाही. आज त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे.

लग्न होऊन ताई या घरात आल्या तेव्हा नुकत्याच मॅट्रिक झाल्या होत्या. घरात मोठी जाऊ होती, सगुणाबाई. सगुणाबाईंची शाळा चौथीतच सुटलेली. पुढे आमगावच्या वाचनालयात ताईंना काम मिळायची वेळ आली तेव्हा सुनेनं बाहेर कामाला जावं हे घरात कुणालाच पसंत नव्हतं. सगुणाबाई सासूसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तिच्या वाटचं काम मी करीन, तिला जाऊ द्या. आणि ते त्यांनी खरोखर केलं. रोवणी, निंदण, कापणी, दोन्ही वेळचा स्वयंपाक, दोघींची लेकरं. ताई वाचनालयातून परतायच्या तेव्हा ताट वाढलेलं असायचं. रिकाम्या दुपारी ताई तिथे बसून कपाटंच्या कपाटं वाचत, आणि इकडे सगुणाबाई धानाच्या बांधीत चिखलात उभ्या असत. आता दोघींचे यजमान नाहीत, मुलं नोकरीनिमित्त बाहेर आहेत, आणि त्या मोठ्या घरात या दोन जावाच राहतात.

“जलमभर मी पुस्तकं वाचली ते बाईच्या हातचा भात खाऊन,” ताई मला म्हणाल्या. सगुणाबाईंना त्या ‘बाई’च म्हणतात. “बाईनं एक पुस्तक उघडलं नाही. मले बाईले वाचताना पाहाचं आहे. बाकी काही नाही.”

त्यांनी आधी सारे उपाय करून पाहिले होते. पुस्तकं आणून समोर ठेवली, तर सगुणाबाईंनी ती पुसून कपाटात नीट रचून ठेवली. शेजारी बसून वाचून दाखवलं, तर दिवसभर राबलेल्या त्या बाईंना डुलकी लागली. मोबाइल मात्र त्यांच्या आवडीचा. तांदूळ निवडताना तो कानाशी ठेवून त्या कीर्तनं ऐकत असत. ते पाहून ताईंना वाटलं, कानावाटे पुस्तक आत शिरलं तर कदाचित हात पुस्तकाकडे जाईल. पॉडकास्ट काढायचा तो एवढ्यासाठी. नाव ठरलं ‘पुढचं पान’.

आता रेकॉर्डिंगची जागा. घर जुन्या पद्धतीचं, मोठ्या खोल्यांचं. कुठेही बोललं तरी आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. मी एकेका खोलीत टाळी वाजवत फिरलो. सगुणाबाई माझ्याकडे, हा पाहुणा बरा आहे ना, अशा नजरेनं बघत होत्या. शेवटी धानाच्या खोलीत शिरलो. तिन्ही भिंतींना लागून छतापर्यंत पोत्यांची थप्पी. तिथे टाळी वाजवली आणि आवाज जागच्या जागी विरला. गोंदियातल्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. त्या खोलीची सर त्यांना नाही. पोत्यांच्या मधल्या जागेत एक खाट टाकली, धान मोजायच्या उलट्या पायलीवर माइक ठेवला, आणि ताई बोलू लागल्या. सगुणाबाई दाराबाहेर सूप घेऊन बसल्या. अर्धा भाग होत आला तरी सुपाचा आवाज नव्हता. त्यांनी पाखडायचं थांबवलं होतं, म्हणून मी वाकून पाहिलं. त्या सूप मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

ताईंची सांगायची एक रीत होती आणि ती त्यांनी पहिल्या भागापासून सोडली नाही. पुस्तक कधी पुरतं सांगायचं नाही. माणसं ओळखीची करून द्यायची, त्यांच्या घरात ऐकणाऱ्याला नेऊन बसवायचं, आणि गोष्ट जिथे अडते तिथे थांबून म्हणायचं, “पुढचं पान तुमचं.” यावरून लोकांनी त्यांना किती बोल लावले म्हणून सांगू. फोन यायचे, ताई, हा काय अन्याय आहे, जेवायला बसवून ताट ओढता. ताई हसून सांगायच्या, पुस्तक माझ्या कपाटात आहे, या आणि न्या. लोक यायचे. बाजाराच्या दिवशी आमगावला आलेली माणसं भाजीच्या पिशव्या सायकलला अडकवून ताईंच्या दारात थांबत. मी मोबाइलवर ऐकणाऱ्यांचा आकडा बघून खूश व्हायचो, आणि ताईंना मात्र कपाटात किती जागा रिकामी झाली तेवढंच कळायचं.

पहिल्याच वर्षी आमची एक फजिती झाली. धान विकायची वेळ आली, पोती गेली, आणि आम्ही दोघंही आपल्या नादात त्याच खोलीत रेकॉर्डिंग करून मोकळे झालो. तो भाग गेल्यावर लोकांचे काळजीचे फोन. ताई, बरं नाही का? आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊन राहिला. एकीनं तर तुळशीचा काढा कळवला. मला कारण कळायला वेळ लागला, कारण माझं सगळं लक्ष माइकच्या वायरीत. कळलं तेव्हा रिकामी पोती आणून त्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरला आणि पुन्हा थप्पी लावली. सगुणाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “धान गेला, आता तणसाले गोष्टी सांगा.” पण पोती शिवायला त्याच बसल्या.

पॉडकास्ट हळूहळू वाढला. आधी ताईंचे नातेवाईक, मग वाचनालयातले जुने सभासद, मग शाळांमधले शिक्षक, मग नागपूर, रायपूर, सुरतेकडे कामाला गेलेली आपली माणसं. नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांची वाट बघत बसणारे गाईड रामदासभाऊ हे तर आमचे सर्वांत निष्ठावंत श्रोते. जंगलात रेंज नसते, म्हणून ते आदल्या दिवशी घरूनच भाग उतरवून घेत. ताईंनी त्यांना एकदा पाहुणे म्हणून बोलावलं. एका शिकाऱ्याच्या पश्चात्तापावरची कादंबरी त्यांनी वाचली होती आणि ते असे रंगले, असे रंगले, की शिकाऱ्याचं शेवटी काय होतं तेही सांगून बसले. मी हातवारे करत होतो, पण वाघ दाखवायची सवय असलेला माणूस, त्यांना वाटलं मी आणखी सांगा म्हणतो आहे. त्या कादंबरीच्या तीन प्रती ताईंनी मुद्दाम मागवून ठेवल्या होत्या. एकही कपाटातून हलली नाही. रामदासभाऊ भेटले की ताई अजून म्हणतात, तुम्ही वाघ जिवंत ठेवता आणि पुस्तक मारता.

त्याच सुमारास शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला होता. त्याला ताईंचा आवाज आवडला होता. दर आठवड्याला एक पुस्तक, थोडक्यात आणि पूर्ण, असा त्याचा बेत. लोकांना वाचायला वेळ कुठे आहे, तुम्ही त्यांचं काम सोपं करा, असं तो मनापासून समजावत होता. माणूस वाईट नव्हता. ताईंनी त्याला भात, वरण, आंब्याचं लोणचं असं पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं की तुमचं काम चांगलं असेल, पण ते माझ्या कामाच्या उलट आहे. मला त्या दिवशी राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पॉडकास्ट मोठा व्हायची ती संधी होती. परतताना मी गाडी जरा जोरातच काढली.

ताईंच्या स्वभावातला ओलावा कळायला मला माझ्या वडिलांचं आजारपण यावं लागलं. वडील गोंदियाला दवाखान्यात होते आणि मी दुकान बंद करून व्हरांड्यातल्या बाकावर राहत होतो. एका सकाळी ताई आमगावहून पॅसेंजरनं आल्या. हातात सगुणाबाईंनी दिलेला डबा. ‘सगळं ठीक होईल’ वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. डबा उघडून माझ्यासमोर ठेवला, मी जेवलो, मग त्या बाकाच्या एका टोकाला बसल्या, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचू लागल्या. मी दुसऱ्या टोकाला होतो. कित्येक दिवसांनी मला तिथे बसल्या बसल्या झोप लागली. जागा झालो तेव्हा त्या तिथेच होत्या, पुस्तक पुढे सरकलेलं होतं, आणि डॉक्टर येऊन काय म्हणाले ते त्यांनी मला शांतपणे सांगितलं. जाताना ते पुस्तक बाकावर ठेवून गेल्या. मी आयुष्यात स्वतःहून वाचलेलं ते पहिलं पुस्तक. संपवलं का, असं ताईंनी मला कधी विचारलं नाही. भेटल्या की एवढंच विचारत, “कुठवर आला?” तो प्रश्न ऐकायला मला बरं वाटायचं, म्हणून मी वाचत राहिलो. वडील बरे होऊन घरी आले. त्यानंतर मी ताईंवर रागावलो असेन, पण गाडी जोरात काढली नाही.

एवढं सगळं होत होतं आणि सगुणाबाई जिथल्या तिथे होत्या. प्रत्येक भाग त्या दाराबाहेर बसून ऐकत. त्यातल्या माणसांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं बोलत. अमक्या सुनेनं तसं करायला नको होतं, तमक्याची मायच लबाड. पण पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. कपाट त्यांच्याच खोलीत होतं, तरी नाही. ताई वरवर हसतमुख असत. एकदा मात्र पोत्यांमध्ये बसल्या असताना, माइक बंद झाल्यावर म्हणाल्या, “दिनेश, साऱ्या लोकाइले वाचाले लावलं, घरचं माणूस राहूनच गेलं.” त्यांचा चेहरा तेव्हा फार उतरलेला होता. बाई वयानं थकत चालल्या आहेत, डोळे किती दिवस साथ देतील कुणास ठाऊक, ही भीती त्यांना लागली होती.

मी सुचवलं की सगुणाबाईंनाच पाहुण्या म्हणून बोलावू. इतके भाग ऐकणारं दुसरं माणूस आपल्याकडे आहे कुठे? ताईंना ते पटलं. सगुणाबाई आधी नाही नाही म्हणाल्या आणि मग नवं लुगडं नेसून आल्या. खाटेवर दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या. सगुणाबाई फार छान बोलल्या. ऐकलेल्या साऱ्या पुस्तकांतली माणसं त्यांना नावानिशी आठवत होती. आणि मग, ताईंना विचारायचा धीर होईना म्हणून, मीच विचारलं की बाई, इतक्या गोष्टी ऐकल्या, त्यातलं एखादं पुस्तक उघडून पाहावं असं काऊन नाही वाटलं?

“मी कायले वाचू?” सगुणाबाई म्हणाल्या. “हे यमुना सांगते ना मले. माइकवर अर्धी सांगते, ताटावर पुरी सांगते. मंग मी डोरे कायले फोडू?”

ताईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “मी रोज सांगते, बाई?” सगुणाबाई म्हणाल्या, रोजच. शेवट सांगितल्याशिवाय कधी उठलीस का तू ताटावरून?

साऱ्या गोंदिया जिल्ह्याला अर्ध्यावर सोडणाऱ्या आमच्या ताई, रामदासभाऊंना पुस्तक मारलं म्हणून चिडवणाऱ्या ताई, घरी जेवायला बसल्या की ज्या एका माणसासाठी हा सारा खटाटोप केला त्याच माणसाला शेवटासकट अख्खं पुस्तक सांगून टाकत होत्या. आणि त्यांना ते कळलंसुद्धा नव्हतं. वाढणारी समोर बसून कौतुकानं विचारते, मंग पुढं काय झालं, आणि जिनं जन्मभर वाढलं तिला नाही कसं म्हणायचं? मी पाहिलं तर ताई हसत होत्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हळूच विचारलं, हा भाग कापू का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तो भाग जसाच्या तसा गेला. श्रोत्यांसमोर ताईंनी आपली चूक आपल्या जावेच्या तोंडून जाऊ दिली आणि शेवटी एक शब्द आपला जोडला नाही.

माइक आवरताना त्या मला म्हणाल्या, “तिच्या हातातलं पुस्तक मीच काढून घेत आली, दिनेश. रोज. प्रेमानं.”

त्यापुढचा काळ त्या घरात कठीण गेला. पुढचं पुस्तक होतं एका डोंग्यावाल्याच्या, म्हणजे नावाड्याच्या, मुलीचं. पूर आलेला, बाप पैलतीराला गेला तो परतलेला नाही, आणि मुलगी काठाला बांधलेल्या दुसऱ्या डोंग्याचा दोर सोडते, इथे ताई थांबल्या होत्या. जेवताना सगुणाबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, पोरगी पोचली का? ताई म्हणाल्या, पुस्तकात आहे, बाई. सगुणाबाईंना आधी थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग त्यांना लागलं. “मले काऊन नाही सांगत? मी का परकी होऊन गेली?” असं म्हणून त्या ताटावरून उठल्या. त्यानंतर त्या स्वयंपाक करत, वाढत, पण समोर बसत नसत.

ताईंना ते सोसत नव्हतं. मला फोन करून त्या विचारायच्या, दिनेश, मी चुकते का रे? ज्या बाईनं माझ्यासाठी जन्म घालवला तिला मी एक गोष्ट नाकारते आहे. मी म्हणायचो, सांगून टाका ताई, कशाला म्हातारपणी भांडण. मी असतो तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो असतो. रामदासभाऊंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांचा जीव कळवळला आणि त्यांनी सरळ सगुणाबाईंना फोन लावून मुलीचं पुढं काय झालं ते सांगायची तयारी दाखवली. नशीब, फोन ताईंनी उचलला. “भाऊ, तुमी मधात नोका पडू,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. सगुणाबाईंना वाच असंही त्या म्हणाल्या नाहीत. पुस्तक कपाटात होतं तिथेच राहू दिलं. वाचायला सांगणं सोपं होतं. न सांगता वाट बघणं त्यांना जड जात होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. त्या दिवसांत त्यांच्या आवाजात एक थकवा आला होता, तो मला कापता येण्यासारखा नव्हता.

भादव्यातल्या झडीचे दिवस होते. दुपारी आम्ही तणसाच्या पोत्यांमध्ये नवा भाग करत होतो. ताई बोलता बोलता मध्येच थांबल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, वास येऊन राहिला. मलाही आला. करपल्याचा. मी उठून धावणार, तेवढ्यात ताईंनी माझं मनगट धरलं आणि पुढे झाल्या. मागच्या पडवीत चूल आहे. सगुणाबाईंना भात अजून चुलीवरचाच लागतो. दारात ताई थांबल्या, म्हणून मीही त्यांच्या मागे थांबलो.

चुलीवर भाताच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, धूर निघत होता. सगुणाबाई पाटावर बसल्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, डोंग्यावाल्याच्या मुलीचं पुस्तक गुडघ्यावर. ओळीखालून बोट हळूहळू सरकत होतं, ओठ हलत होते, एखाद्या शब्दाशी अडकले की बोट मागे जायचं आणि पुन्हा निघायचं. धूर त्यांच्या तोंडावरून जात होता. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ताई अनवाणी पायांनी पुढे गेल्या, पदराच्या टोकानं गंज धरून खाली उतरवला, आवाज होऊ न देता. चुलीतली लाकडं मागे ओढली. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला धान्य, धूर, पाऊस सगळ्याचा वास येत होता आणि रडू येत होतं, आणि मी कुणाचा कोण, कुडव्याचा फोटोवाला.

पान उलटताना सगुणाबाईंनी वर पाहिलं. गंज खाली, चूल विझत आलेली, जाऊ भिंतीशी. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातून भात लागला नव्हता. त्या पुस्तक मिटू लागल्या.

“भात लागला वाटते,” त्या म्हणाल्या.

“लागू द्या, बाई,” ताई म्हणाल्या. “आमी वाढून घेतो आमच्या हातानं. तुमी बसा.”

ताईंनी ताटं घेतली. आम्ही दोघं तिथेच पडवीत जेवलो. ताईंनी वरचा भात मला वाढला आणि खालची काळी खरपुडी स्वतः घेतली, वर पुन्हा मागून घेतल्यासारखी आणखी खरवडून घेतली. त्या जेवत होत्या आणि समोर त्यांची जाऊ, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला काय हवं नको ते न बघता बसली होती. त्या दुपारी रेकॉर्डिंग पुढे झालं नाही. मी ताईंना इतक्या वर्षांत इतकं सुखी पाहिलेलं नाही, समारंभात नाही, सत्कारात नाही.

यमुनाताईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांची नजर शाबूत राहो, आवाज खणखणीत राहो, गुडघे त्यांना पॅसेंजरच्या पायऱ्या चढू देवोत. सगुणाबाईंची त्यांना जन्मभर सोबत मिळो. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या घरात अधूनमधून भात लागत राहो.